उद्योग, विश्वस्त संस्था आणि सरकारी जबाबदारी : निलेकणींच्या कारकिर्दीतून काय घ्यावे, काय घेऊ नये

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारा कारखाना आपण अनेक वर्षे चालवला, आता त्याची सूत्रे मुलीकडे देण्याची वेळ आली आहे. एका शिक्षणसंस्थेने विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद देऊ केले आहे आणि त्याच सुमारास महापालिकेच्या पाणीपुरवठा सल्लागार समितीचे पत्रही आले आहे. आपले मित्र इन्फोसिसचे एक संस्थापक आणि आधार योजनेचे पहिले प्रमुख नंदन निलेकणी यांचे उदाहरण देऊन सांगतात, की ज्याला कंपनी उभी करता आली त्याला समाजकार्य आणि सरकारी कामही जमतेच. हे कितपत खरे, असे आपण विचारले आहे.

माझ्या कामाचा निम्मा काळ उद्योगात आणि उरलेला विश्वस्त संस्था व शासकीय सल्लागार समित्यांमध्ये गेला, त्या अनुभवावरून उत्तर देतो. निलेकणींची कारकीर्द मित्र सांगतात त्याचा पुरावा नाही. ती बारकाईने पाहिली तर असे दिसते, की एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात त्यांना जे नेता आले ते मर्यादित आणि विशिष्ट होते, आणि जे नेता आले नाही त्याची किंमत त्यांच्या कामाला वर्षानुवर्षे मोजावी लागली. नेता न आलेली ती गोष्ट म्हणजे अधिकार. कंपनीत तो भागधारकांकडून येतो, विश्वस्त संस्थेत विश्वस्तपत्रातून आणि कायद्यातून, आणि सार्वजनिक कामात तो मतदारांकडून किंवा विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून यावा लागतो. माणूस तोच, बुद्धी तीच. पण तिथे बसण्याचा हक्क कोणी दिला आणि तो कोण काढून घेऊ शकतो, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी बदलते.

उद्योगाचा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून तो लवकर आटोपतो. जन्म १९५५ साली बंगळूरमध्ये, घरची भाषा कोंकणी, शालेय शिक्षणाचा काही काळ धारवाडमध्ये, नंतर आयआयटी मुंबईतून १९७८ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी. मुंबईच्या पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नारायण मूर्तींनी त्यांची मुलाखत घेतली. १९८१ साली सात जणांनी पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली आणि दोन वर्षांनी कंपनीचे मुख्य ठाणे बंगळूरला गेले. २००२ ते २००७ या काळात निलेकणी मुख्य कार्यकारी अधिकारी होते आणि त्या अवधीत कंपनीची वार्षिक उलाढाल सुमारे ५५ कोटी डॉलरवरून ३०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. यातून संपत्ती आली, नाव आले आणि दिल्लीत व परदेशात कोणाचाही दरवाजा ठोठावता येईल अशी पत आली. पण त्यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी मी याच काळातली दुसरी, फारशी न बोलली जाणारी गोष्ट अधिक महत्त्वाची मानतो.

१९९९ साली कर्नाटकचे मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा यांनी बंगळूर अजेंडा टास्क फोर्स नावाचा एक गट नेमला आणि निलेकणींना त्याचे प्रमुख केले. शहरात महापालिका, विकास प्राधिकरण, पाणीपुरवठा मंडळ, वीज, बससेवा, पोलीस अशा स्वतंत्र यंत्रणा होत्या आणि त्यांचा परस्परांशी ताळमेळ नव्हता. ही अवस्था महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या शहरातल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गटाने दोन कामे चांगली केली. एक म्हणजे पालिकेच्या हिशेबाची पद्धत बदलायला मदत केली, ज्यामुळे पैसा कोणत्या खात्यात आहे आणि देणी किती आहेत हे महिनोन्‌महिने वाट न पाहता कळू लागले. त्याच सुमारास घरपट्टीची आकारणी मालकाने स्वतःच करून भरण्याची योजना आली आणि वसुली वाढली. दुसरे म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत जाहीर बैठका भरवल्या, त्यात प्रत्येक यंत्रणेच्या प्रमुखाला आपण मागच्या वेळी काय कबूल केले होते आणि त्यातले काय झाले हे लोकांसमोर सांगावे लागे. सरकारी अधिकाऱ्याला लेखी खुलासा मागण्यापेक्षा हा उपाय किती परिणामकारक असतो, हे समित्यांवर बसलेला कोणीही सांगेल.

तरीही २००४ साली कृष्णा यांचे सरकार गेले आणि टास्क फोर्सही विरून गेला. त्याच्या मागे कायदा नव्हता, पालिकेच्या सभागृहाचा ठराव नव्हता, होती ती एका मुख्यमंत्र्याची इच्छा. टीकाकारांचा आक्षेपही याच ठिकाणी होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहराचा कारभार निवडून आलेल्या नगरसेवकांकडे दिला असताना उद्योगजगतातल्या नामवंतांचा एक गट त्यांच्या डोक्यावर कशासाठी, असे ते विचारत होते. या आक्षेपात हितसंबंधी नगरसेवकांचा राग मिसळलेला असेल, पण म्हणून तो आक्षेप चुकीचा ठरत नाही. मी स्वतः अशा समित्यांवर काम केले आहे आणि माझे निरीक्षण असे, की उद्योगातून आलेल्या सदस्याला नगरसेवक हा अडथळा वाटतो, तर नगरसेवकाला हा सदस्य बिनमतांचा पाहुणा वाटतो. पाहुणा गेल्यावर घर पूर्वीसारखेच चालते. टास्क फोर्सच्या कामातले जे टिकले ते पालिकेच्या स्वतःच्या पद्धतीत मुरलेले होते, म्हणजे हिशेबाची रीत आणि कराची योजना. बाकीचे सरकारबरोबर गेले.

निलेकणींनी यातून धडा घेतला की नाही, याचे उत्तर अर्धे होय आणि अर्धे नाही असे आहे. २००३ साली त्यांनी श्रीकांत नाधमुनी यांच्याबरोबर ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन सुरू केले आणि तिथे वेगळी वाट धरली. शहराच्या कारभाराचा सल्ला देत बसण्यापेक्षा पालिकांना लागणारी संगणकप्रणाली तयार करून द्यावी, चालवावी पालिकेनेच, अशी ती वाट होती. 'होय' म्हणायचे ते या भागासाठी. 'नाही' म्हणायचे ते आधारच्या भागासाठी, आणि तो सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

जून २००९ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्यांना कॅबिनेट मंत्र्याच्या दर्जासह भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाचे अध्यक्ष केले. त्यासाठी त्यांनी इन्फोसिस सोडली. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. आपण महाराष्ट्रातले म्हणून हे गाव लक्षात ठेवावे असे मला वाटते, कारण ओळख मिळणे आणि त्या ओळखीमुळे पदरात काही पडणे यांतले अंतर याच गावाविषयीच्या पुढच्या वर्षांतल्या बातम्यांनी दाखवले.

या कामात उद्योगातून आलेले काय होते ते पाहा. पहिली गोष्ट संयमाची होती. नोंदणीसाठी बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि छायाचित्र यांखेरीज नाव, पत्ता, जन्मतारीख आणि लिंग एवढीच माहिती सक्तीची ठेवली. जात, धर्म, उत्पन्न विचारले नाही. सरकारी फॉर्मचा अनुभव असलेल्या माणसाला हे किती कठीण असते ते कळेल, कारण प्रत्येक खाते "आमचा एक रकाना घाला" असे म्हणत येते. दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. प्राधिकरणाने स्वतः कर्मचाऱ्यांची फौज उभी केली नाही. राज्य सरकारे, बँका आणि टपाल खाते यांना निबंधक नेमले, त्यांनी नोंदणीसंस्था लावल्या आणि मोबदला यशस्वी नोंदणीमागे ठरला. तिसरी गोष्ट माणसांची. बंगळूरच्या तंत्रज्ञान केंद्रात खासगी क्षेत्रातले अभियंते आणि भारतीय प्रशासन सेवेतले अधिकारी शेजारी बसत होते. प्राधिकरणाचे प्रशासकीय प्रमुख राम सेवक शर्मा हे त्या सेवेतले होते, आणि सरकारी नियम मोडल्याशिवाय कसे पुढे सरकायचे याचे ज्ञान त्यांच्यासारख्यांकडेच होते. निलेकणींच्या यशाचे श्रेय देताना लोक हा भाग गाळतात. बाहेरून आलेल्या माणसाचे सरकारात काही झाले असेल, तर आत मुरलेला एक तरी अधिकारी त्याच्या बाजूला होता असे गृहीत धरावे. मार्च २०१४ मध्ये ते पदावरून गेले तेव्हा सुमारे ६० कोटी लोकांना क्रमांक मिळाले होते.

आता उलट बाजू. प्राधिकरण २००९ साली एका अधिसूचनेने, नियोजन आयोगाच्या छत्राखाली, स्थापन झाले. त्याला कायद्याचा आधार देणारे विधेयक २०१० साली मांडले गेले, पण डिसेंबर २०११ मध्ये यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने ते अमान्य केले. गृहखात्याची राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही वेगळी चालू होतीच, त्यामुळे कोणी कोणाच्या बोटांचे ठसे घ्यायचे यावर मंत्रिमंडळातच वाद झाला. तरी नोंदणी थांबली नाही. उद्योगातल्या माणसाला हा निर्णय योग्य वाटतो, कारण बाजारात आधी ग्राहक मिळवतात आणि मग बाकीचे जमवतात. पण नागरिक हा ग्राहक नव्हे, त्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. २०१२ साली निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ साली न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की आधार नाही म्हणून कोणाची अडवणूक होऊ नये. कायदा झाला तो २०१६ साली, तोही धन विधेयक म्हणून, म्हणजे ज्याला राज्यसभेची संमती लागत नाही अशा मार्गाने. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायदा चार विरुद्ध एक अशा बहुमताने टिकला, मात्र खासगी कंपन्यांना वापर खुला करणारी तरतूद त्यातून गेली. विरोधी निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी धन विधेयकाचा मार्ग घेणे ही राज्यघटनेशी फसवणूक असल्याचे म्हटले.

या काळात रेशन दुकानातल्या यंत्रावर घासलेल्या बोटांचे ठसे जुळत नव्हते आणि धान्य न घेता परतणारी माणसे होती. अंमलबजावणी राज्यांनी केली, सक्ती नंतरच्या सरकारने वाढवली, त्यामुळे हा सारा दोष एका माणसाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण कायदा आधी आणि नोंदणी नंतर असा क्रम असता, तर तक्रार कोणाकडे करायची, ठसा जुळला नाही तर धान्य कसे मिळेल, माहिती कोणाला द्यायची नाही, हे प्रश्न संसदेत आधी विचारले गेले असते. कदाचित काम पाच वर्षे उशिरा झाले असते, कदाचित झालेच नसते. निलेकणींच्या बाजूने हा युक्तिवाद आहे आणि तो मला हलका वाटत नाही. तरी दोन्हींतले एक निवडायचे तर मी उशीर निवडेन.

निवडणुकीबद्दल दोनच वाक्ये पुरेत. २०१४ साली काँग्रेसतर्फे दक्षिण बंगळूरमधून ते लोकसभेला उभे राहिले आणि त्या मतदारसंघाचे अनेक वर्षांचे खासदार अनंत कुमार यांनी त्यांना सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी हरवले. ज्या शहरासाठी त्यांनी स्वतःचा पैसा आणि वेळ घातला होता त्याच शहराने हा निकाल दिला, आणि त्यात अन्याय काही नव्हता, कारण मतदार कामाचे बक्षीस देत नसतो, तो आपला प्रतिनिधी निवडत असतो. याच्यापुढे जे घडले ते मात्र दखल घेण्याजोगे आहे. ज्या पक्षाकडून पराभव झाला त्याच पक्षाच्या नव्या पंतप्रधानांना ते काही आठवड्यांतच भेटले आणि आधार का चालू ठेवावे हे त्यांनी मांडले. विरोधात असताना आधारवर टीका करणाऱ्या सरकारने पुढे ते वाढवले. स्वतःचा मान बाजूला ठेवून काम वाचवणे हे उद्योगातले मालक सहसा करू शकत नाहीत, आणि त्यांच्या स्वभावातला हा गुण मी सर्वांत वरचा धरतो.

दानधर्माकडे वळताना रोहिणी निलेकणी यांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण त्यांचे काम नवऱ्याच्या कामाची पुरवणी नाही. मुंबईत वाढलेल्या सोमन घराण्यातल्या या बाई मुळात पत्रकार. त्यांचे आजोबा, बेळगावचे वकील सदाशिवराव सोमन, १९१७ साली गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देऊन चंपारणला गेलेल्यांपैकी होते. पाण्यावर काम करणाऱ्या अर्घ्यम् संस्थेला रोहिणी यांनी स्वतःच्या वाट्याच्या पैशातून १०० कोटी रुपये दिले, मुलांची पुस्तके काढणाऱ्या प्रथम बुक्सच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, आणि समाज, सरकार व बाजार या तिघांत समाज आधी, असे त्या सातत्याने मांडत आल्या आहेत. नंदन निलेकणींचा कल मोठ्या प्रणालीकडे, रोहिणींचा लहान संस्थांवर विश्वास टाकण्याकडे. एकाच घरात हे दोन्ही असणे ही त्यांच्या दानकार्याची जमेची बाजू आहे. २०१५ साली दोघांनी मिळून सुरू केलेल्या एकस्टेप संस्थेने शिक्षणासाठी खुली संगणकप्रणाली बनवली, शासनाचा दीक्षा मंच त्यावर उभा राहिला, आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड मोबाइलने वाचले की जे धडे उघडतात ते याच मंचावरचे. संस्थेचे नाव पुस्तकावर नाही, शाळा संस्थेच्या नाहीत, शिक्षकांना पगार संस्था देत नाही. २०१७ साली दांपत्याने निम्मी संपत्ती दान करण्याची जाहीर प्रतिज्ञा केली, आणि २०२३ साली आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले, जे आधीच्या ८५ कोटींत मिळवले की ४०० कोटी होतात.

एक बाब उरते, जी आपल्यासाठी सर्वांत निकडीची आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये इन्फोसिसमध्ये संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात उठलेल्या वादळानंतर निलेकणी बिगर-कार्यकारी अध्यक्ष म्हणून परतले आणि त्यांनी मानधन न घेण्याचे ठरवले. त्याआधी, सरकारात असताना, त्यांच्याच अध्यक्षतेखालील एका तज्ज्ञगटाने २०११ साली वस्तू व सेवा करासारख्या मोठ्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र माहिती-कंपन्या उभ्या कराव्यात असा अहवाल दिला होता. त्या धर्तीवर जीएसटी नेटवर्क झाले, आणि त्याच्या प्रणालीचे सुमारे १,३८० कोटी रुपयांचे कंत्राट २०१५ साली निविदेतून इन्फोसिसला मिळाले. तेव्हा ते कंपनीत कोणत्याही पदावर नव्हते, आणि यात काही गैर झाले असे माझे म्हणणे नाही. पण मार्च २०२० मध्ये प्रणालीतल्या अडचणींचा खुलासा करायला तेच कंपनीचे अध्यक्ष म्हणून जीएसटी परिषदेपुढे उभे होते. धोरण सुचवणारा, पुढे पुरवठादाराचा अध्यक्ष, आणि दरम्यान त्या कंपनीचा मोठा भागधारक, अशा भूमिका एका आयुष्यात एकत्र आल्या, की हेतू कितीही स्वच्छ असला तरी प्रश्न विचारला जाणारच, आणि तो विचारला जाणे योग्यच आहे.

आपला कारखाना व्हॉल्व्ह बनवतो आणि समिती पाणीपुरवठ्याची आहे. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असलेला नगरसेवक कायद्याने अपात्र ठरू शकतो. सल्लागार समितीच्या सदस्याला तो नियम बहुधा लागू होत नाही, म्हणून तो आपणच स्वतःला लावून घ्यावा. सूत्रे मुलीकडे गेली म्हणून प्रश्न सुटत नाही, उलट लोकांच्या दृष्टीने तो अधिक गडद होतो. कारखाना त्या पालिकेच्या निविदा, थेट किंवा ठेकेदारामार्फत, भरणार असेल तर समितीला नम्रपणे नकार द्या. भरणार नसेल तर तसे लेखी कळवा, आणि पत्राच्या उत्तरात चार गोष्टी विचारा: समिती कोणत्या ठरावाने किंवा आदेशाने नेमली, मुदत किती, अहवाल महासभेपुढे ठेवला जाईल की आयुक्तांच्या कपाटात राहील, आणि सदस्यांचे हितसंबंध कुठे नोंदवले जातील. समाधानकारक उत्तर आले नाही तर पहिल्या बैठकीला जाऊ नये. एकदा गेलेल्या माणसाला बाहेर पडणे फार अवघड जाते, विशेषतः वर्तमानपत्रात छायाचित्र आल्यावर.

शिक्षणसंस्थेचे पद स्वीकारण्याकडे माझा कल आहे, पण तिथे कारखान्याचा वेग घेऊन जाऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो, आणि संस्थेची जागा विकायची तर त्यांची पूर्वपरवानगी लागते. अनेक जुन्या संस्थांचे बदल अर्ज वर्षानुवर्षे वादात पडून असतात आणि नव्या अध्यक्षाला हे सही करण्याच्या दिवशी कळते. म्हणून होकार देण्यापूर्वी अनुसूची एकचा (म्हणजे विश्वस्त आणि मालमत्ता यांच्या धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीचा) अद्ययावत उतारा, मागील लेखापरीक्षण अहवाल आणि प्रलंबित बदल अर्जांची यादी मागवून घ्या, आणि हे कागद धर्मादाय कार्यालयात नियमित काम करणाऱ्या वकिलाला दाखवा, कारखान्याच्या कंपनी-सचिवाला नव्हे.